धम्म, दंड आणि अराज्यवाद

विहारातील अभ्यासवर्गात अग्गञ्ञसुत्त वाचून झाले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. राजा ही संस्था माणसांनीच निर्माण केली, ती कोणा ईश्वराने दिलेली नाही, असे तथागत सांगतात. शाक्यकुळातील आपले स्थान सोडून ते स्वतः परिव्राजक झाले. त्यांनी स्थापिलेल्या संघात राजा नव्हता, सेना नव्हती, तुरुंग नव्हता. मग भगवान बुद्धांना राज्यसंस्था मुळातच अमान्य होती, असे म्हणावे काय? आणि तसे असेल, तर ज्या बाबासाहेबांनी आपल्या आयुष्याची ऐन वर्षे राज्यघटना घडविण्यात वेचली, त्यांनीच १९५६ साली याच धम्माचा स्वीकार केला, याची संगती कशी लावावयाची?

प्रश्न विचारणारे बहुधा तरुण असतात आणि त्यांचा प्रश्न केवळ पुस्तकी नसतो. राज्ययंत्रणेचा कडवट अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून या प्रश्नाला झटकून न टाकता त्याचा पालि साहित्याच्या आधारे विचार करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

अराज्यवाद म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठीत 'अराजक' म्हटले की दंगल, लूटमार, बेबंदशाही असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. युरोपात एकोणिसाव्या शतकात ज्या विचारसरणीने स्वतःला 'अॅनार्किझम' असे नाव दिले, तिचा अर्थ मात्र हा नव्हे. या विचारसरणीला आपण 'अराज्यवाद' म्हणू. समाजाला व्यवस्था हवी, नियमही हवेत. परंतु ती व्यवस्था वरून लादलेल्या सत्तेने नव्हे, तर माणसांच्या परस्पर संमतीने आणि सहकार्याने चालावी, असे अराज्यवादी मानतात. फ्रान्समधील प्रूधाँ यांनी १८४० साली मालमत्तेवरील आपल्या ग्रंथात स्वतःला उघडपणे अराज्यवादी म्हणवून घेतले. रशियाचे बाकुनिन यांनी मार्क्सशी याच मुद्द्यावर वाद घातला. कामगारांच्या नावाने का होईना, एकदा राज्यसत्ता हाती घेतली की नवा शासकवर्ग जन्माला येणारच, असे त्यांचे म्हणणे होते. या वादातून १८७२ साली हेग येथील अधिवेशनात त्यांना पहिल्या इंटरनॅशनलमधून काढून टाकण्यात आले. क्रपॉट्किन यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या 'परस्पर साहाय्य' या विषयावरील ग्रंथात दाखवून दिले की, प्राणिसृष्टीत आणि मानवी समाजात केवळ स्पर्धा नाही, सहकार्य हीदेखील टिकून राहण्याची मोठी शक्ती आहे.

या विचाराचे दोन आधारस्तंभ आहेत. राज्यसंस्था ही मालमत्तेच्या रक्षणासाठी उभी राहिलेली दंडशक्ती आहे, हा पहिला. ही दंडशक्ती दूर केली तर माणसे स्वभावतःच एकमेकांना धरून राहतील, हा दुसरा. बौद्ध विचाराशी त्याची तुलना करताना हे दोन्ही मुद्दे वेगवेगळे तपासले पाहिजेत. कारण पहिल्या मुद्द्यावर आपल्याला बरेच साम्य आढळेल, आणि दुसऱ्यावर मूलभूत मतभेद.

राजा कोठून आला?

भारतीय परंपरेत राज्यसंस्थेच्या उगमाचे दोन अगदी भिन्न विचार आढळतात. ब्राह्मणी परंपरेनुसार राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो. या मत्स्यन्यायाच्या भयातून राजाची आवश्यकता सिद्ध केली जाते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा हा देवांच्या अंशांपासून निर्माण झालेला आहे, आणि वर्ण व आश्रम यांचे रक्षण करण्यासाठीच त्याची निर्मिती आहे. तेथे दंड ही दैवी वस्तू आहे. तो ढळला तर वर्ण दूषित होतील, ही खरी चिंता आहे. म्हणजे ज्याला तेथे 'अराजक' म्हटले आहे, त्यातील मोठा भाग वर्णव्यवस्था मोडण्याच्या भयाचा आहे.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त हे याला दिलेले उत्तरच आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मणकुळातून आलेल्या दोघांशी तथागत बोलत आहेत. ब्राह्मण हे ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, हा दावा ते प्रथम खोडून काढतात आणि मग समाजाच्या घडणीची कथा सांगतात. आरंभी तांदूळ सर्वांसाठी सहज उपलब्ध होता. सकाळचे सकाळी व संध्याकाळचे संध्याकाळी आणून माणसे निर्वाह करीत. मग कोणीतरी आळसाने दोन वेळचे एकदम आणले, दुसऱ्याने दोन दिवसांचे, तिसऱ्याने चार दिवसांचे. साठवण सुरू झाली तसा तांदूळ आपोआप उगवेनासा झाला. तेव्हा शेतांची वाटणी झाली, बांध पडले, आणि मग एकाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा वाटा चोरला. लोकांनी त्याला धरले, समज दिली. तरी तो पुन्हा चोरी करू लागला, तेव्हा कोणी हाताने, कोणी ढेकळाने, कोणी काठीने त्याला मारले. यानंतर लोक एकत्र जमले आणि आपल्यापैकी योग्य अशा एकाला त्यांनी निवडले. जेथे रागवावे तेथे त्याने रागवावे, जेथे हद्दपार करावे तेथे हद्दपार करावे, आणि त्याबद्दल त्याला तांदळाचा हिस्सा द्यावा असे ठरले. पुष्कळांच्या संमतीने निवडलेला म्हणून तो 'महासम्मत'. तो त्याच लोकांतील होता, दुसऱ्या कोणा श्रेष्ठ जातीचा नव्हता, हेही सुत्तात स्पष्ट केले आहे.

येथवर प्रूधाँ आणि तथागत एकाच रस्त्याने चालले आहेत असे वाटेल. साठवण, मालमत्ता, चोरी आणि मग राज्य, हा क्रम दोघांनाही मान्य होण्यासारखा आहे. राजा हा लोकांचा वेतनभोगी आहे, ही कल्पना बौद्ध परंपरेत पुढेही टिकून राहिली. नागार्जुनांचे शिष्य आर्यदेव यांनी 'चतुःशतक' या ग्रंथात राजाला बजावले आहे की, तू गणाचा दास आहेस, सहाव्या हिश्शावर पोसलेला आहेस. तुला गर्व कशाचा?

परंतु सुत्तातील एक बारकावा सहसा दुर्लक्षिला जातो. दंड हा राजाबरोबर आलेला नाही. ढेकूळ आणि काठी राजाच्या आधीच माणसांच्या हाती आलेली आहेत. चोरी, निंदा, असत्य आणि दण्डादान म्हणजे दंड हाती घेणे, या चार गोष्टी प्रथम प्रकट झाल्या आणि त्यानंतर महासम्मताची निवड झाली, असा क्रम सुत्तात सांगितला आहे. राजा ही दंडाला आवर घालण्यासाठी केलेली सोय आहे. म्हणून राजा काढून टाकला की दंड नाहीसा होईल, असे या सुत्तावरून म्हणता येत नाही. राजा गेला तर काठी ज्याच्या हाती आधीपासून आहे, त्याच्याच हाती राहील. दंडाचे मूळ लोभात आहे, आणि लोभ माणसाच्या मनात आहे.

चक्कवत्तिसीहनादसुत्तात हाच विचार उलट दिशेने मांडलेला आहे. तेथे राजा रक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी होते. राजा चोरांचा शिरच्छेद करू लागतो, तेव्हा लोकही शस्त्रे घडवितात आणि हिंसा दुणावत जाते. दंडाने समाज सुधारत नाही, हे यातून दिसते. कूटदन्तसुत्तातील पुरोहितही राजाला हेच सांगतो. वध, बंधन आणि दंड यांनी चोरांचा उपद्रव मिटत नाही; शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील व घराची दारे उघडी टाकून राहतील. चक्कवत्तिसुत्ताचा शेवट तर अधिकच लक्षणीय आहे. माणसे एकमेकांना पशू समजून सात दिवस कत्तल करतात. काही थोडे लोक जंगलात, दऱ्याखोऱ्यांत लपून राहतात. सात दिवसांनी बाहेर आल्यावर ते एकमेकांना जिवंत पाहून आलिंगन देतात आणि ठरवितात की यापुढे प्राणिहत्या करावयाची नाही. समाजाचे पुनरुत्थान येथून सुरू होते. त्या क्षणी तेथे राजा नाही, कायदा नाही, केवळ माणसांचा परस्परांशी केलेला शीलाचा निश्चय आहे. धार्मिक राजा फार पुढे येतो, शील रुजल्यानंतर.

संघाची घडण

आता संघाकडे वळू. तथागतांनी आपल्या पश्चात कोणालाही संघाचा अधिपती नेमले नाही. देवदत्ताने नेतृत्व मागितले तेव्हा, सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याही हाती मी संघ सोपविणार नाही, असे त्यांनी सांगितल्याचे चुल्लवग्गात नमूद आहे. महापरिनिब्बानानंतर मगधाचा महामात्य वस्सकार याने आनंदांना विचारले की, तुमचा कोणी नेता नाही, मग तुमच्या ऐक्याचा आधार काय? मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लानसुत्तात आनंदांचे उत्तर आहे की, आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार आहे. राज्यकारभारात मुरलेल्या महामात्याला अधिपतीवाचून समूह टिकतो ही गोष्ट चमत्कारिक वाटली, यात नवल नाही.

हा समूह टिकला तो काटेकोर नियमांच्या बळावर. एका सीमेतील सर्व भिक्षूंनी एकत्र यावे, विषय 'ञत्ति' म्हणजे प्रस्ताव म्हणून मांडावा, प्रसंगानुसार एकदा किंवा तीनदा त्याचे 'अनुस्सावन' म्हणजे उद्घोषण करावे. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहावे, ज्यांना अमान्य असेल त्यांनी बोलावे. कोणत्या कर्माला किती भिक्षू हवेत, याचीही संख्या ठरलेली होती. किमान चार, मध्यदेशात उपसंपदेसाठी दहा, सीमावर्ती प्रदेशात पाच, आणि 'अब्भान' या कर्मासाठी वीस. मतभेद मिटला नाही तर 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताची पद्धत होती. शलाका वाटणारा 'सलाकागाहापक' हा छंद, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा आणि शलाका कोणी घेतली, कोणी घेतली नाही, हे जाणणारा असावा, अशी त्याची पात्रता सांगितली आहे. विहार, जमीन, मंच, पीठ इत्यादी वस्तू संपूर्ण संघाच्या असत. स्वतः संघालाही त्या देऊन टाकता येत नसत किंवा वाटून घेता येत नसत.

शारीरिक शिक्षा मात्र या संपूर्ण व्यवस्थेत कोठेही नाही. पाराजिक अपराध करणारा संघाबाहेर होतो, इतर अपराधांसाठी प्रकटीकरण, परिवास, सहवास तोडणे असे उपाय आहेत. उपासकाने संघाला जाणूनबुजून इजा केली तर 'पत्तनिक्कुज्जन' म्हणजे पात्र पालथे करणे, एवढाच उपाय होता. म्हणजे त्याच्या घरची भिक्षा न घेणे. ज्या अन्नावर संघाचा निर्वाह, तेच संघाने नाकारावयाचे. जगाच्या इतिहासात एवढा मोठा, एवढा दीर्घकाळ टिकलेला आणि दंडावाचून चाललेला समूह शोधणे कठीण आहे. अराज्यवादी विचारवंतांना जे शक्य वाटत होते, त्याचा हा चालता पुरावा म्हणता येईल.

तथापि येथेच थांबलो तर आपण अर्धसत्य सांगू. संघाने राज्यसंस्था नाकारलेली नाही. सीमेवरील बंडाळी शमविण्यासाठी निघालेले काही योद्धे भिक्षू झाले, तेव्हा बिंबिसाराने तक्रार केली आणि राजसैनिकांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. ऋणको आणि दास यांच्याबाबतही तसेच नियम महावग्गात आहेत. दासांना संघाचे दार बंद राहिले ही गोष्ट आपल्याला आज बोचल्याशिवाय राहत नाही, आणि ती लपविण्याचे कारण नाही. दुसऱ्या पाराजिकाच्या वेळी तर किती किमतीच्या चोरीसाठी राजा बिंबिसार दंड करतो, याची चौकशी करून त्याच मापावर संघाचा नियम ठरविण्यात आला. संघ दंडमुक्त होता तो आपल्या सीमेच्या आत. सीमेबाहेर राज्य होते, आणि संघाला अन्न देणारा उपासक त्या राज्यात राहत होता. संपूर्ण समाजासाठी तथागतांनी राज्याचा लोप सांगितला नाही. त्यांनी राज्याला दंडापासून धम्माकडे वळविण्याचा मार्ग सांगितला.

डोंगरातील एक भिक्षू

बौद्ध धम्म आणि आधुनिक अराज्यवाद यांची प्रत्यक्ष गाठ विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आशियात पडली. चीनमधील सुधारक भिक्षू ताइशू यांनी तरुणपणी अराज्यवादी ग्रंथ वाचले होते. आपल्याकडील लाला हरदयाळ यांनी अमेरिकेत असताना बाकुनिनच्या नावाने एक संस्था काढली होती. तेच हरदयाळ पुढे लंडन विद्यापीठात बौद्ध संस्कृत साहित्यातील बोधिसत्त्व-सिद्धान्तावर संशोधन करून १९३२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहितात. परंतु या गाठीची सर्वांत मोठी किंमत मोजली ती जपानमधील उचियामा गुदो यांनी.

१८७४ साली जन्मलेले उचियामा हे सोतो झेन पंथाचे भिक्षू. हाकोने डोंगरातील ओहिरादाई या गरीब गावच्या रिन्सेन्जी विहाराचे ते प्रमुख होते. कुळांची हलाखी ते रोज पाहत होते. सर्व प्राण्यांत बुद्धत्व आहे आणि धम्मात उच्चनीच नाही, या वचनांत आपल्याला समाजवादाचा आधार सापडतो, असे त्यांनी १९०४ साली जाहीर केले. प्राचीन चीनमधील विहारांत शेकडो भिक्षू एकत्र राहत, एकसारखे वस्त्र व एकसारखे अन्न घेत. तीच रीत गावाला का लागू होऊ नये, असा त्यांचा विचार होता. म्हणजे अराज्य समाजाचा नमुना त्यांनी संघातच पाहिला. १९०८ साली त्यांनी विहारातच गुप्तपणे एक पुस्तिका छापली. तुम्ही गरीब आहात ते पूर्वजन्मीच्या पापामुळे, असे धर्मगुरू सांगतात; ही अंधश्रद्धा आहे, असे त्यांनी कुळांना सांगितले. जमीनदाराला खंड देऊ नका, कर भरू नका, सैन्यात जाऊ नका, असे आवाहन त्यांनी केले. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त हा दारिद्र्याचे समर्थन करण्यासाठी कसा वापरला जातो, हे बाबासाहेबांनी पुढे सविस्तर मांडले. त्यांचे लेखन ज्यांनी वाचले आहे, त्यांना उचियामांचा आवाज परका वाटणार नाही.

१९०९ साली बेकायदा छपाई आणि स्फोटके बाळगणे या आरोपांवरून त्यांना अटक झाली. पुढे सम्राटाविरुद्धच्या कटाच्या खटल्यात त्यांना गोवण्यात आले आणि २४ जानेवारी १९११ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. त्या खटल्यात एकूण बारा जण फासावर गेले. त्यांच्या पंथाने १९१० सालीच त्यांचे भिक्षुत्व काढून घेतले होते. ते परत बहाल झाले १९९३ साली, म्हणजे मृत्यूनंतर ८२ वर्षांनी. राजाश्रयाला सोकावलेला संघ आपल्याच भिक्षूला कसा सोडून देतो, याचे हे उदाहरण आहे. उचियामांची करुणा निःसंशय बौद्ध होती. राज्य उलथून पडले की कुळे सुखी होतील, हा विश्वास मात्र त्यांनी अराज्यवादातून घेतला होता. त्याला अग्गञ्ञसुत्ताचा आधार नाही.

बाबासाहेबांचा तिसरा पर्याय

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही; भिक्षुसंघात प्रस्ताव, गणसंख्या, मतदान, शलाका या सर्वांचे नियम होते. आणि घटनात्मक मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हे मार्ग आता सोडले पाहिजेत, कारण ते अराजकाचे व्याकरण आहे. संघाचा गौरव आणि अराजकाचा निषेध, दोन्ही एकाच भाषणात आहेत. यात विसंगती नाही. संघात त्यांनी पाहिली ती नियमबद्धता.

'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी हा प्रश्न थेट हाताळला आहे. राज्य कालांतराने गळून पडेल, असे साम्यवादी सांगतात. बाबासाहेब विचारतात, ते केव्हा गळून पडेल? आणि त्याच्या जागी काय येईल? जागी अराजकच येणार असेल, तर साम्यवादी राज्य उभारण्याचा एवढा खटाटोप कशाला? बळ काढून घेतल्यावरही समाज टिकवून धरील अशी शक्ती धम्माचीच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात हेच अधिक नेमकेपणाने येते. समाजापुढे तीन पर्याय आहेत, असे ते म्हणतात. धम्माला शासनाचे साधन म्हणून स्वीकारावयाचेच नाही, हा अराजकाचा मार्ग. पोलिसाला साधन करावयाचे, हा हुकूमशाहीचा मार्ग. आणि धम्म स्वीकारावयाचा व जेथे लोक धम्म पाळणार नाहीत तेथे दंडाधिकारी असावयाचा, हा तिसरा मार्ग. पहिल्या दोन्ही मार्गांत स्वातंत्र्य नष्ट होते, तिसऱ्यात ते टिकते.

या तिसऱ्या मार्गात दंडाधिकारी आहे, पण तो दुय्यम आहे. सुत्तांतील क्रम येथे जसाच्या तसा आला आहे. शील आधी, राजा नंतर. राजा लागतो तो शील ढळते तेथे. अभ्यासवर्गातील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. घटना लिहिणे आणि धम्म स्वीकारणे, ही एकाच कार्याची दोन अंगे होती. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात लोकशाहीच्या यशाच्या अटींवर बोलताना बाबासाहेबांनी नैतिक व्यवस्था आणि सार्वजनिक सद्सद्विवेक यांचा आग्रहाने उल्लेख केला, तोही याच कारणाने.

राज्य गेले तर गावात काय उरेल?

अराज्यवाद आपल्याला न पेलणारा का आहे, याचे एक खास आपले कारण आहे. युरोपातील अराज्यवादी राज्य वजा करतात तेव्हा त्यांना शिल्लक दिसतो तो कारागिरांचा संघ, शेतकऱ्यांची सहकारी वस्ती. आपल्याकडे राज्य वजा केले तर शिल्लक राहते ती जात आणि गावकी. शासनमुक्त समाजाची, स्वयंपूर्ण ग्रामराज्याची स्वप्ने आपल्याकडे सर्वोदयी विचारवंतांनी रंगविली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे वर्णन संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर असे केले, ते त्या खेड्याच्या वेशीबाहेर राहिलेल्यांच्या अनुभवातून. तेथे पोलीस नव्हते तेव्हाही दंड होताच. पाणी बंद, किराणा बंद, मजुरी बंद. एक काठीही न उचलता माणसाला नमविणारा हा दंड आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची मागणी केली. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला तो २०१६ साली. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदाही १९८९ चा. या कायद्यांची अंमलबजावणी अपुरी आहे, हे खरे. पण ज्याच्या घरचे पाणी तोडले आहे, त्याला राज्य अनावश्यक आहे असे सांगणे ही क्रूर चेष्टा होईल.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. संघातही बहिष्कार होताच ना? तथागतांनी अखेरच्या काळात छन्न भिक्षूला ब्रह्मदंड द्यावयास सांगितले. त्याने काहीही बोलावे, इतरांनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. मग हा बहिष्कार आणि गावकीचा बहिष्कार यांत भेद काय?

भेद तपासून पाहण्याजोगा आहे. छन्न हा दुबळा नव्हता. कपिलवस्तूपासून तथागतांच्या निकट असल्याचा त्याला अभिमान होता आणि त्या अभिमानाने तो कोणाचेही ऐकत नसे. म्हणजे दंड झाला तो मिजासीला. त्याचे अन्न-पाणी तोडले नव्हते. तो स्वेच्छेने संघात आला होता आणि शिक्षा परत करून केव्हाही बाहेर पडू शकत होता. आणि ज्या क्षणी त्याचा अभिमान गळाला व तो अर्हत झाला, त्या क्षणी ब्रह्मदंड आपोआप संपला, असे आनंदांनी त्याला सांगितले. जातीत माणूस जन्माने येतो, तीतून बाहेर पडण्याची वाट नाही, बहिष्कार होतो तो दुबळ्यावर, आणि त्याने कितीही चांगले वर्तन केले तरी तो मिटत नाही. कोणताही समूह दंडावाचून चालतो असा दावा केला जातो, तेव्हा त्याला हेच प्रश्न विचारावेत. येथे येणे स्वेच्छेने आहे काय? बाहेर जाण्याची वाट आहे काय? सर्वांत दुबळ्याला बोलता येते काय? संघ या कसोटीला बहुतांशी उतरतो. गावकी एकाही प्रश्नाला उतरत नाही.

आपले काम

यावरून निष्कर्ष असा निघतो. दंडाने माणूस सुधारत नाही आणि सत्ता ही कोणाची दैवी मिरास नाही, या बाबतीत बौद्ध विचार अराज्यवाद्यांच्या जवळ आहे. माणूस मुळात निर्मळ असून केवळ राज्याने त्याला बिघडविले, हे मात्र धम्माला मान्य नाही. तृष्णा आत आहे, आणि जात समाजात आहे. या दोहोंवर उपाय झाल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला निरोप देता येणार नाही. अलगद्दूपमसुत्तातील तराफ्याचा दृष्टान्त येथे आठवावा. पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये. पण नदीच्या मध्यावर तो सोडूनही देऊ नये. आपण अजून मध्यावरच आहोत.

मात्र दंडाची गरज कमी करीत नेणे हे काम राज्याचे नाही, ते आपले आहे. आणि त्याचा आरंभ विहारातूनच झाला पाहिजे. आपल्या विहार समित्यांतील भांडणे न्यायालयापर्यंत जातात, एका वस्तीत दोन समित्या आणि दोन जयंत्या होतात, तेव्हा विनयपिटक आपल्या कपाटात बंद आहे असा त्याचा अर्थ होतो. वज्जींना आणि त्यानंतर भिक्षूंना सांगितलेल्या अपरिहानीय धम्मांतील पहिले दोन नियम साधे आहेत: वारंवार एकत्र जमावे, एकदिलाने बसावे, एकदिलाने उठावे. भांडण फार चिघळले तर 'तिणवत्थारक' नावाची पद्धत सांगितली आहे. दोन्ही पक्षांनी संघासमोर बसून, एकमेकांचे अपराध उगाळत न बसता, घाणीवर गवत अंथरावे तसे ते प्रकरण झाकून टाकावे. ज्या वस्तीतील विहार असा चालेल, त्या वस्तीला पोलीस ठाण्याची पायरी क्वचितच चढावी लागेल. आणि जेथे तो चढावी लागेल अशी वेळ येईल, तेथे कायदा आपल्या बाजूने उभा असावा, एवढ्यासाठी घटना आहे.